उतारवयातलं बाईचं मन

सोलापूरच्या नवी पेठेत लग्नसराईच्या दिवसांत कापडदुकानांतून बायकांची दाटी असते. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, बार्शीहून एसटीनं आलेल्या बाया असतात, शहराच्या पूर्वभागातल्या असतात. त्यांतल्या पन्नाशीच्या एखाद्या बाईकडे नीट लक्ष दिलं तर एक गोष्ट हटकून दिसते. ती लेकीला घेते, सुनेला घेते, विहिणीचं मानाचं घेते, नातवाला अंगडं घेते. शेवटी दुकानातला माणूस विचारतो, "आणि मावशी, तुमच्यासाठी?" उत्तर ठरलेलं, "मला काय करायचंय आता!"

श्रोतेहो, हे उत्तर बहुतेक वेळा काटकसरीचं असतं. पैसे संपलेले असतात आणि एसटीची वेळ झालेली असते. पण कधी कधी हेच शब्द निराळ्या अर्थानं बोलले जातात. त्या बाईला पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. अन्नावर वासना नसते. छातीत धडधडतं, हातापायांची आग होते, कशातच जीव रमत नाही. घरात ती सगळं काम करत असते म्हणून कोणाला काही कळत नाही. तीही कोणाला सांगत नाही, कारण काय सांगायचं हे तिचं तिलाच ठाऊक नसतं.

आजचं बोलणं या दुसऱ्या बाईविषयी आहे, आणि मुख्यतः तिच्या दुखण्याला आपण आजवर जी नावं देत आलो त्यांच्या इतिहासाविषयी आहे. कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं पिशवीचा दोष आहे. नाव एकदा पडलं की उपायही त्याच दिशेचा होतो. देवाचं म्हटलं की देवस्थान, पिशवीचं म्हटलं की शस्त्रक्रिया, आणि वयाचं म्हटलं की काहीच नाही, मुकाट्यानं सोसायचं.

पाळी थांबते या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण दोष बहुधा तिच्याच माथी मारला जातो. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ती चांगली ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत स्त्रीचा ऋतुकाल साधारण बाराव्या वर्षी सुरू होतो आणि पन्नाशीला शरीर पिकलं की संपतो, असं सांगितलेलं आहे. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की तिथे हा आजार म्हणून सांगितलेला नाही. फळ पिकावं तसं शरीर पिकतं, एवढंच.

समाजातही या वयाला एक मान होता. विटाळ संपला, शिवाशीव संपली की बाई देवघरात केव्हाही जाऊ लागे. डोक्यावरचा पदर थोडा सैल झाला तरी कोणी बोट दाखवत नसे. पंढरीच्या वाटेवर ती चार बायांबरोबर मोकळेपणानं चालू लागे. घरात सून आलेली असे, किल्ल्या तिच्या कमरेला असत. मार्शा फ्लिंट या अमेरिकन संशोधक बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत स्त्रियांचा अभ्यास करून १९७५ साली लिहिलं की पाळी गेल्यावर तिथल्या बायकांच्या फारशा तक्रारी नव्हत्याच. त्यांचा पडदा सुटला होता आणि पुरुषांच्या बैठकीत बसून बोलण्याची त्यांना मुभा मिळाली होती. पुढं १९९३ साली मार्गारेट लॉक यांनी जपानी स्त्रियांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनाही आढळलं की अंगातून एकाएकी वाफा निघण्याची तक्रार पाश्चात्त्य देशांत जेवढी ऐकू येते तेवढी जपानात येत नाही. शरीरातला बदल सगळीकडे सारखाच, पण त्या बदलानंतर बाईला घरात नि गावात कोणती जागा मिळते यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

मात्र हा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता. तो सवाष्णीचा होता, मुलाच्या आईचा होता. नवरा गेला की त्याच वयाची दुसरी बाई माजघरातल्या अंधारात जाई. आपल्या इतिहासात या अंधाराविषयी लिहिणाऱ्या बायका झाल्या, हे आपलं भाग्य म्हटलं पाहिजे.

न्यायमूर्ती रानडे १९०१च्या जानेवारीत वारले तेव्हा रमाबाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी घराबाहेरच्या कुठल्याही कामात भाग घेतला नाही. आज आपण त्या वर्षाला काय नाव दिलं असतं कोण जाणे. पुढं त्या तुरुंगातल्या कैदी स्त्रियांना भेटायला जाऊ लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या. १९०९ साली पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथं प्रौढ बायकांना लिहावाचायला शिकवलं जाई आणि रोगी सेवेचं शिक्षण दिलं जाई. सोलापुरातही सेवासदनाचं नाव घराघरांत माहीत आहे. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली छापल्या गेल्या. त्या पुस्तकाला आपण पतिभक्तीचं पुस्तक म्हणून वाचतो. पण ते लिहिणारी बाई कोणत्या काळोखातून बाहेर आली होती, हेही शिक्षकांनी वर्गात सांगायला हरकत नाही.

पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट तर याहून विलक्षण. १८७०चा जन्म, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा. त्या आनंदीबाई कर्व्यांच्या बहीण. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला, तिथं पार्वतीबाई मोठेपणी शिकल्या आणि मग आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. वर्गणी गोळा करत त्या गावोगाव फिरल्या. केशवपन झालेलं डोकं घेऊन बाईनं सभेत बोलायचं हा त्या काळी धक्काच होता; पुढं त्यांनी केस राखले, तो आणखी मोठा धक्का. आणि १९१८ साली, पन्नाशी दोन वर्षांवर आली असताना, इंग्रजी धड येत नसताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी भांडी घासून, घरकाम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी मदत मिळवली आणि दोनेक वर्षांनी परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ साली निघालं. ज्या वयात "आता काय करायचंय" असं म्हणायचं, त्या वयात ही बाई बोटीत बसली!

पण एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. अशी उदाहरणं ऐकून घरातल्या दुःखी बाईला "पार्वतीबाईंकडे बघ, तूही ऊठ, कामाला लाग" असं म्हणणं म्हणजे तिच्या पाठीवर आणखी एक ओझं ठेवणं. रमाबाईंना वर्षभर एकटं बसू देणारं घर होतं. पार्वतीबाईंना हिंगण्याच्या आश्रमात बरोबरीच्या बायका होत्या. धीर त्यांचा होता यात शंका नाही, पण पाठीशी माणसं होती म्हणून तो टिकला.

आणि हा इतिहास संपला असंही समजू नका. नवरा वारल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढून घेणं हे २०२२ सालापर्यंत गावोगाव सर्रास चालत होतं, आणि आजही चालतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. यामागची चळवळ आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी चालवली होती. चारचौघांत बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या आणि पुढं ती अबोल झाली की "हिचं डोकं फिरलं" म्हणायचं, हा आपला न्याय.

आता देवस्थानांकडे वळू. सोलापूरहून कलबुर्गीच्या रेल्वेनं गेलं की गाणगापूर रोड हे स्टेशन लागतं. दत्तप्रभूंचं हे क्षेत्र बाधा झालेल्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे. दुपारच्या आरतीला नगारा वाजू लागला की काही माणसं किंचाळू लागतात, लोळतात, खांबांवर चढतात. त्यांत बायका पुष्कळ असतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. शिकलेली मंडळी याला अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतात. पण घटकाभर थांबून ऐकलं तर काय ऐकू येतं? जी बाई घरी तोंडातून शब्द काढत नाही ती तिथं सासऱ्याला शिव्या घालते, नवऱ्याला जाब विचारते. देव बोलतो आहे म्हटल्यावर तिला कोणी गप्प करू शकत नाही. अंगात येणं ही आपल्या समाजानं बाईला दिलेली बोलण्याची एक चोरवाट आहे, असं मला वाटतं. तिनं बाईचं दुखणं बरं होतं असं नाही, पण ते तिथं उघड तरी होतं.

या बाबतीत एक निरीक्षण फार मोलाचं आहे. वीडा स्कल्टन्स या इंग्लंडमधल्या संशोधक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव देवस्थानात राहून अभ्यास केला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध केला. मनाचं दुखणं असलेल्या माणसाला, बहुधा मुलाला किंवा नवऱ्याला, घेऊन कुटुंबं तिथं येऊन राहत. त्याच्यासोबत आई किंवा बायको असे. थोड्या दिवसांत झुलू लागे, घुमू लागे ती आई! घरातल्या माणसाची पीडा आपल्या अंगावर यावी आणि तो सुटावा असं तिला वाटे, आणि इतरांनाही ते योग्यच वाटे. बाई आजारी पडली तर मात्र तिच्यासाठी तिथं येऊन राहणारा पुरुष क्वचित. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरांतल्या कितीतरी आया आठवल्या. घरादाराचं दुखणं अंगावर घ्यायचं हा बाईचा धर्म आम्ही ठरवला. मग पन्नाशीला तिचं अंग त्या भारानं वाकलं तर नवल कसलं?

देवस्थानाची बाजू मांडली म्हणून तिथल्या सगळ्याच गोष्टींचं समर्थन करतो आहे असं कोणी समजू नये. तमिळनाडूतल्या एरवाडीला २००१च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ मनोरुग्ण माणसं पळता न आल्यामुळं जळून मेली. मारहाण करून भूत काढणं हा तर आपल्या राज्यात २०१३च्या कायद्यानं गुन्हाच आहे. देवाला जावं, नवस बोलावा, पण डॉक्टरकडेही जावं. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

डॉक्टरांनी तरी काय केलं? त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यांनीही नावंच बदलली. पाळी थांबण्याला आज जगभर जो वैद्यकीय शब्द वापरतात तो गार्दान नावाच्या फ्रेंच वैद्यानं १८२१ साली रूढ केला, आणि तेव्हापासून ही गोष्ट हळूहळू आजाराच्या यादीत गेली. जर्मनीत क्रेपेलिन या मोठ्या मनोवैद्यानं १८९६ साली उतारवयातल्या विषादाला एक स्वतंत्र रोग ठरवलं. उतरणीला लागलेल्या वयाचा हा रोग, त्यात फारशी आशा नाही, असा त्याचा सूर होता. दहा-अकरा वर्षांतच ड्रायफूस या त्याच्या सहकाऱ्यानं जुन्या रोग्यांचा माग काढला, तर त्यांतले कितीतरी पुढं बरे झालेले निघाले! क्रेपेलिननं आपलं मत सोडलं. पण नाव काही गेलं नाही. अमेरिकेच्या रोगसूचीतून ते १९८० साली निघालं, म्हणजे पाऊण शतक या नावानं बायकांना निराश केलं. मग एका बाजूनं दुसरी लाट आली. १९६६ साली एका अमेरिकन डॉक्टरनं पुस्तक लिहून सांगितलं की संप्रेरकाच्या गोळ्या घ्या आणि सदा तरुण राहा. लक्षावधी बायकांनी गोळ्या घेतल्या. २००२ साली मोठ्या चाचणीत त्यांतल्या एका मिश्र गोळीचे धोके दिसले तेव्हा ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या गोळ्या वाईटच असतात असं नव्हे, काही बायकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण तारुण्याचं औषध म्हणून त्या विकल्या गेल्या ते चूक होतं.

आजचं वैद्यकशास्त्र काय सांगतं? पाळी अनियमित होऊन थांबेपर्यंतची जी काही वर्षं असतात, त्यांत काही बायकांना उदासपणाचा त्रास वाढतो. ज्यांना आधी तसा त्रास झालेला असतो, ज्यांची झोप अंगातल्या वाफांनी मोडते, ज्यांच्यावर त्याच सुमारास दुसरी संकटं कोसळतात, त्यांना जास्त. बहुतेकींना हा काळ फारसा त्रास न होता पार पडतो. आणि विषादाचा आजार जडलाच तर तो कोणत्याही वयात बरा होण्यासारखा असतो.

याच ठिकाणी आपल्या भागातल्या एका मोठ्या अन्यायाबद्दल बोललं पाहिजे. गावातली बाई दवाखान्यात जाते तेव्हा "मन लागत नाही" असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, अशक्तपणा आहे, कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो बायकांचा अभ्यास करून २००६ साली जे प्रसिद्ध केलं त्यात हे स्पष्ट दिसतं. मनाचं दुखणं असलेल्या बायकांत अशा तक्रारी जास्त होत्या. आणि त्या दुखण्याशी कोणत्या गोष्टी जोडलेल्या होत्या? नवऱ्याची जबरदस्ती, वैधव्य किंवा नवऱ्यानं टाकणं, घरातल्या निर्णयांत शब्द नसणं, माहेर-सासरचा आधार नसणं, आणि उपासमार. यादी पाहिली तर ती औषधाच्या दुकानातली नाही, संसारातली आहे.

पण पांढरं जातं म्हटल्यावर कित्येक ठिकाणी बाईला सांगितलं जातं, "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं २०१९ साली उघडकीला आलं, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींची चाळिशीही उलटलेली नव्हती. ऊसतोडीच्या फडात पाळीचे चार दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून काहींनी आपण होऊनच ते केलं. हेच लोक टोळीनं सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला येतात, तेव्हा हा प्रश्न परका नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढली गेली तर शरीरातली संप्रेरकं एका दिवसात तुटतात. पन्नाशीला हळूहळू यायचं ते पस्तिशीत धाडकन येतं. हाडं ठिसूळ होतात, झोप जाते, मन खचतं. मग घरातले म्हणतात, "ऑपरेशन केल्यापासून बाई चिडकी झाली."

बायकांच्या मनाला पूर्वी वाट होती ती जात्याची. पहाटे दोघी समोरासमोर बसत आणि दळता दळता माहेर, सासर, मेलेलं मूल, न बोलणारा नवरा सगळं ओव्यांत येई. जनाबाईंनी तर जात्याशी विठ्ठलालाच बसवलं. गी पोयत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एवढं बोलायचं बायकांच्या मनात होतं! गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते गेलं हे चांगलंच झालं, त्या कष्टांची आठवण काढून कोणी उसासे टाकू नयेत. ज्यांनी दळलं नाही तेच ते टाकतात. पण त्या घटकेच्या जागी बोलण्याची दुसरी घटका काही आली नाही.

सोलापूरच्या पूर्वभागात मात्र विडीच्या सुपाभोवती ती काही प्रमाणात टिकली. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि हे गाव गिरणगाव झालं. पुढं एकेक करून मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि पुरुषांचे हात रिकामे झाले. त्या काळात हजारो घरांतली चूल पेटती ठेवली ती विड्या वळणाऱ्या बायकांनी. कारखान्यातून तेंदूची पानं नि तंबाखू आणायची, घरी पानं भिजवून कापायची, वळायची, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायची, बाद झालेल्या विड्यांचा तोटा सोसायचा. तंबाखूनं खोकला जडतो, मान-पाठ धरते. पण दारात चौघी सूप घेऊन बसल्या की तेलुगू-मराठीत सुखदुःखाचं बोलणं चालतं. बोटं मंदावतात त्या वयात या बाईचं काय होतं, हा खरा प्रश्न. हजारी भरत नाही, म्हणून घरातला शब्दही उतरतो. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला गोदावरी परुळेकरांच्या नावानं विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. मनाच्या आरोग्याच्या पुस्तकात घराचा उल्लेख सहसा नसतो. पण म्हातारपणी "नीघ इथून" असं कोणी म्हणू शकणार नाही एवढी खात्री ज्या बाईला आहे, तिला रात्री झोप लागण्याचा संभव जास्त असतो.

सत्तरीच्या पुढच्या बायकांविषयी दोन शब्द. आपल्याकडे म्हातारचळ असा एक दुष्ट शब्द आहे. जेवून उठल्यावर "मला जेवायला दिलं नाही" म्हणणारी, घरचा रस्ता विसरणारी, सुनेवर चोरीचा आळ घेणारी म्हातारी मुद्दाम छळते आहे असं घराला वाटतं. जर्मनीतल्या आल्झायमर या डॉक्टरनं १९०६ साली ज्या रोग्याची हकीकत मांडली ती एक बाईच होती, इस्पितळात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची. तिच्या मेंदूतच बिघाड झालेला होता. हा स्मृतिभ्रंश निराळा आणि विषाद निराळा. विषादातही म्हातारं माणूस विसरभोळं होतं, पण ते उपचारानं सुधारतं. रक्त कमी असणं, थायरॉइडचं काम मंदावणं, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव यांनीही अशीच लक्षणं दिसतात, आणि हे तिन्ही दोष रक्त तपासून कळतात. म्हणून "साठी बुद्धी नाठी" म्हणून मोकळं होण्याआधी तपासणी करून घ्यावी.

पूर्वी दुखणं अनावर झालं की येरवडा हे एकच नाव लोकांना माहीत होतं. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी विषादावर गुणकारी ठरलेल्या गोळीची माहिती प्रसिद्ध केली आणि इस्पितळात कायमचं न राहता घरी राहून उपचार घेता येऊ लागले. तरीही येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या इस्पितळांत बऱ्या झालेल्या बायका पडून राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही. ही गोष्ट देशभरचीच आहे. राष्ट्रीय महिला आयोगानं २०१६ साली करवून घेतलेल्या पाहणीतही ती पुढं आली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार मिळणं हा हक्क ठरवला आणि केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला इस्पितळात ठेवू नये असं सांगितलं. कायदा झाला, पण दाराशी येऊन "चल आई, घरी" म्हणणारं माणूस कायद्यानं मिळत नाही.

मग उपाय काय? डॉक्टर सगळीकडे नाहीत हे खरं. पण गोव्यात एक प्रयोग झाला. वैद्यकाचं शिक्षण नसलेल्या तिथल्याच बायकांना दोन महिने शिकवून आरोग्यकेंद्रांत बसवलं. त्या रोग्याचं ऐकून घेत, आजार समजावून सांगत, पुन्हा यायला लावत, आणि गरज असेल तर डॉक्टरकडे पाठवत. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, सरकारी केंद्रांत याचा चांगला गुण आला होता. आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या डॉक्टरनं २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या अंगणात एक बाक, त्यावर आजी बसलेली, शेजारी दुःखी माणूस. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपली बाईही हेच म्हणते ना, "विचार करून करून डोकं फुटायला आलंय"? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या आज्यांच्या बाकाचा गुण नेहमीच्या उपचाराहून सरस ठरला. म्हणजे ज्या वयाच्या बाईला आपण निरुपयोगी ठरवतो, तीच तिथं वैद्य झाली.

आपल्या गावात बाक नसेल, पण देवळाचा ओटा आहे, अंगणवाडी आहे, बचतगटाची बैठक आहे, आणि आशाताई घरोघर जातातच. शिक्षकांनी पालकसभेला येणाऱ्या आज्यांशी दोन शब्द जास्त बोलावेत. "कशी आहेस?" एवढ्यानं भागत नाही, त्याला "बरी आहे" हेच उत्तर येतं. "झोप लागते का? जेवण जातं का? पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का?" असं विचारावं आणि उत्तराला वेळ द्यावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ सगळी उत्तरं नकाराची येत असतील तर प्राथमिक आरोग्यकेंद्रात न्यावं. "जगून काय करायचं" असं कोणी म्हणालं तर ते बोलण्याची रीत म्हणून सोडून देऊ नये, त्याच दिवशी हालचाल करावी, आणि तिला एकटी ठेवू नये. विषादावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या टाकू नयेत, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नयेत.

सोलापुरात १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ज्यांना तिथवर जाणं जमत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीत बोलता येतं. ज्या घरात बाईच्या हाती फोन नसतो तिथं शाळेत जाणाऱ्या नातीला हा क्रमांक पाठ करून ठेवायला सांगावं.